ओठाला गरम लागलेला पिवळा हिरा

मैत्रिणींनो, आज दुपारी लेकीला घेऊन तिच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला रिसोडला गेले होते. घरी आले, पण मन अजून थाऱ्यावर नाही.

सराफकाकांनी पिवळ्या हिऱ्याच्या दोन अंगठ्या दाखवल्या. एक फिकी, दुसरी हळदीसारखी गडद. रंग गडद तेवढा हिरा महाग, असं तेच म्हणाले. तरी गडद अंगठी अर्ध्या किमतीत!

"काका, नकली तं नाही ना?"

"नाही बाई, सर्टिफिकेट हाये. ओठाले लावून पाहा. अस्सल हिरा थंड लागते."

मी लावला. तिजोरीतून नुकताच काढलेला तो हिरा गरम होता, आत्ताच कुणी अंगठी बोटातून उतरवल्यासारखा.

काकांनी नजर चुकवली. "तीन घरून वापस आली. सगळे हेच सांगतात. म्हणून भाव पाडला."

मी अंगठी खाली ठेवली. लेकीनं ती उचलून बोटात घातली.

"आई, हीच घेऊ," ती हळूच म्हणाली. "लय एकटी हाये ती."

"कोण?"

तिनं बोटातल्या अंगठीवरून हळूच अंगठा फिरवला.

काकांना उद्या कळवायचं आहे. तुमच्या लेकीनं असा हट्ट धरला असता, तर तुम्ही ती अंगठी घेतली असती का?