म्हैस डावीकडे

लोणावळ्यात राहून चढावर बहिष्कार टाकणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर लेकीजवळ राहतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चाचा रेल्वेत इंजिन चालवायचे, तेही बँकरचं. म्हणजे कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जे जादा इंजिन लावतात, त्याचं. पुढच्या ड्रायव्हरला दऱ्या आणि धबधबे दिसायचे, चाचांना शेवटच्या डब्याची पाठ. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की उरलेलं आयुष्य सपाटीवर काढायचं आणि सगळ्यांच्या पुढं राहून काढायचं. त्यासाठी त्यांनी सायकल घेतली आणि ती कामशेतला एका भाताच्या गिरणीच्या पडवीत ठेवली, कारण लोणावळ्यात सपाटी म्हणून जी आहे ती त्यांच्या मते फक्त फलाटावर. दर रविवारी सकाळच्या लोकलनं कामशेतला उतरायचं, सायकल काढायची, इंद्रायणीच्या कडेनं भातखाचरांच्या पाणथळ मुलखात दहाबारा किलोमीटर हिंडायचं आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, हा त्यांचा नेम. वाटेत ओढ्यावरच्या एखाद्या मोरीपाशी हातभर चढ लागला तरी ते उतरून सायकल हातात धरत. एवढ्याशा चढाला कशाला उतरता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, माझ्या वाटणीचा घाट चढून झालाय.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती गुडघ्यांमुळे. माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर उभं राहण्याचं काम. डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितल्याचं चाचांनी दुकानात ऐकलं, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत एक जुनी लेडीज सायकल गिरणीत नेऊन ठेवली. मला निसर्गाची वगैरे आवड नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. निसर्गाचं काही काम नाही, ते म्हणाले, ब्रेक वेळेवर दाबता आला पाहिजे.

त्यांचा पहिला नियम मोटारींचा. रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्या मावळात कशा घुसतात ते सांगायला नको. ज्या वाटेनं मोटार जाऊ शकते त्या वाटेनं चाचा जात नाहीत. जाऊ शकते की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे एक लांब दांड्याची काळी छत्री होती. नवी वाट आली की ते उतरून ती रस्त्यावर आडवी मांडत. दीड छत्री भरली तर ठीक, दोन भरल्या की वाट बाद. दर वर्षी कुठं ना कुठं प्लॉटिंग होई, मुरूम पडे, आणि आमची एखादी वाट दोन छत्र्यांची होई. चाचा छत्री उचलून सायकलच्या दांडीला बांधत आणि मागं वळत. त्या दिवशी मग त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

दुसरा नियम पुकारण्याचा. इंजिनावर ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच पुन्हा म्हणायचं, म्हणजे दोघांनी पाहिलं याची खात्री होते. चाचांनी ही पद्धत सायकलवर आणली. ते पुढं, मी मागं. "म्हैस डावीकडे," ते ओरडत. "म्हैस डावीकडे," मी ओरडे. "खड्डा समोर." "खड्डा समोर." "बगळे उजवीकडे." बगळ्यांपासून काय अपघात होणार होता कोण जाणे, पण पुकारायचे. पहिल्या रविवारी मला लाजेनं मेल्यासारखं झालं. बांधावर गवत कापणाऱ्या एका मावशीनं विळा खाली ठेवला आणि शेजारणीला सांगितलं, "म्हातारं येडं हाय. म्हशीला म्हस म्हनतंय." शेजारीण म्हणाली, "अन् ही बाई बी त्येच म्हनती की. शिकल्याली दिसती." पुढं पुढं त्या दोघी आम्ही दिसलो की स्वतःच पुकारायला लागल्या, "म्हातारं समोर, बाई मागं!" चाचा त्यांना हात उंचावून सलाम करत.

या नियमाला एकच कलम होतं आणि त्यात चाचा थट्टा चालू देत नसत. जे दिसलं नाही ते पुकारायचं नाही. न पुकारलेला सिग्नल ही चूक, ते म्हणत, पण न पाहता पुकारलेला सिग्नल हा गुन्हा.

आमच्या वाटेच्या मध्यावर, ओढ्याला लागून एक मोठं जांभळाचं झाड होतं. तिथं थांबून आम्ही डबा खायचो. "जांभूळ उजवीकडे" हे ते इतर गोष्टींपेक्षा जरा सावकाश पुकारत, स्टेशन आल्यासारखं.

तीन वर्षं असं चाललं. मग एका रविवारी गिरणीतून निघताना त्यांनी माझी सायकल पुढं ढकलली. "ताई, आजपासून तुम्ही ड्रायव्हर. मी बँकर." मला बढती मिळाल्याचा आनंद झाला, हे कबूल करते. मी पुकारायची, ते मागून खणखणीत आवाजात तेच म्हणायचे. एकदाही चुकले नाहीत. त्या बढतीचा मी जरासुद्धा संशय घेतला नाही, आणि माणसाच्या चेहऱ्यावरून आजार ओळखते असा माझा दुकानात बोलबाला आहे.

सप्टेंबरात भात गुडघ्यापर्यंत आलं होतं. अरुंद वाटेच्या डाव्या अंगाला एक म्हैस बसली होती, नेहमीचीच. मी दुकानातल्या स्टॉकच्या विचारात होते, पुकारलं नाही. मागून धप्पकन आवाज आला. वळून पाहिलं तर सायकल म्हशीला टेकलेली, म्हैस रवंथ करतेय आणि चाचा खाचरात कमरेपर्यंत चिखलात बसलेले. लागलं नव्हतं. त्यांना हात देऊन वर घेतलं तेव्हा त्यांच्या खिशातून एक छोटी बाटली पडली. मी ती उचलली. काचबिंदूचे थेंब. वरचा शिक्का कामशेतच्या दुकानाचा. खोकल्याच्या गोळीपासून पायाच्या मलमापर्यंत सगळं माझ्याकडून घेणारा माणूस हे एक औषध दुसरीकडून घेत होता.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"समोरचं दिसतं. बाजूचं गेलं."

"कधीपासून?"

ते शर्टाच्या बाहीनं छत्री पुसत राहिले. "तुम्हाला ड्रायव्हर केलं तेव्हापासून."

माझा पारा चढला. इंजिनावर असतात तर काय केलं असतंत, असं मी विचारलं.

"त्याच दिवशी लिहून दिलं असतं," चाचा म्हणाले. "तिथं समोर अख्खी गाडी माणसांनी भरलेली असते, ताई. इथं समोर तुम्ही एकट्या. आणि तुम्हाला दिसतं."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही सायकली हातात धरून चालत आलो. मी काहीच पुकारलं नाही. लोकलमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, लेकीला सांगणार का. हो म्हटलं. ते म्हणाले, सांगा, मला सांगवत नाही. संध्याकाळी मी वर जाऊन त्यांच्या लेकीला सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग तिनं चहा ठेवला. चाचा गॅलरीत पाठमोरे बसून होते. दुसऱ्या रविवारपासून त्यांची सायकल गिरणीतच राहिली.

माझे गुडघे मात्र अजून माझेच होते, त्यामुळे मी एकटी जायला लागले. दोन रविवार गेले आणि तिसऱ्याला, मी गिरणीतून निघतेय तोच फोन वाजला. "सिग्नल?" पलीकडून चाचा. मी फोनचा स्पीकर लावून तो कुर्त्याच्या खिशात ठेवला आणि म्हटलं, "खड्डा समोर." खिशातून आवाज आला, "खड्डा समोर." तेव्हापासून असंच चालू आहे. मध्ये रेंज जाते, मग परत येते. वाट त्यांना इतकी पाठ आहे, की मी मोरी विसरले तर ते विचारतात, मोरी कुठं गेली? शेजारचे त्यांच्या लेकीला विचारतात, तुमचे अब्बा गॅलरीत एकटेच म्हैस, म्हैस काय करतात? ती सांगते, ड्युटीवर आहेत.

गेल्या महिन्यात ओढ्यापाशी पोहोचले तर जांभूळ नव्हतं. बुंधा जमिनीसरशी कापलेला, ओला. कडेनं तारेचं कुंपण, प्लॉटचा बोर्ड, आणि दोन छत्र्या सहज बसतील असा मुरमाचा रस्ता. मी सायकलवरून उतरून उभी राहिले. खिशातून आवाज आला, "ताई, जांभूळ?"

मी दुकानात कधी कुणाला एका गोळीऐवजी दुसरी न सांगता दिलेली नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

"जांभूळ उजवीकडे," मी म्हटलं.

 मग सावकाश, स्टेशन आल्यासारखा, आवाज आला, "जांभूळ उजवीकडे."

पुढच्या रविवारी त्यांनी विचारायची वाट न पाहता मीच पुकारलं.