कॉलिनचा गुडघा

उत्तनच्या मॅथ्यू तांडेलाने उभा जन्म बोट हाकली, आणि बोटीवर त्याचा कायदा एकच. मासळी लागायला लागली की खलाशी बदलायचा नाही. ताप असो, बायको बाळंत होवो, भरात असलेल्या बोटीवरून जो उतरला तो बरकत घेऊन उतरला. सदू खलाशाची दाढ एकदा अशी सुजली, की बाकीचे म्हणाले, ‘‘ह्याच्या गालात पापलेट हाय, तांडेल, झडती घ्या.’’ सदूही हसला असता, पण बिचाऱ्याचं तोंडच उघडत नव्हतं. तरी मॅथ्यूने त्याला घरी बसू दिलं नाही. टोपल्या भरून आल्या, आणि कायदा आणखी पक्का झाला.

मॅथ्यूचा मुलगा कॉलिन मात्र बोटीवर गेलाच नाही. तो वाढला माडासारखा, चर्चच्या मैदानात बास्केटबॉल खेळला आणि थेट व्यावसायिक लीगमधल्या संघात पोचला. आता संघ म्हणाल, तर तळाला गाळ बसावा तसा बसलेला. मॅच बघायला शेजारी येत, ते मॅथ्यूच्या बायकोच्या, आयरिनच्या हातचा चहा पिऊन सांत्वन करून जात. मग कोचने कॉलिनला पहिल्या पाचात घेतलं आणि वारं फिरलं. संघ एकामागून एक मॅच काढत तळातून पाचव्या नंबरावर आला. प्लेऑफला पहिले चार जाणार आणि दोन मॅच उरलेल्या. मॅथ्यूला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मासळी लागली आहे, एवढं त्याला बरोबर कळलं.

अशात कॉलिन सुट्टीला घरी आला. जिना उतरताना तो कठडा धरून आडवा उतरतोय, हे आयरिनने पाहिलं. तिने पँट वर करायला लावली. डावा गुडघा शहाळ्याएवढा झाला होता.

‘‘कोचला दाखवलास?’’

‘‘न्हाय. दाखवला तर बसवतील, मम्मी.’’

‘‘मग बस ना. पाय काय बाजारात मिळतो काय?’’

कॉलिनने बापाकडे पाहिलं. ‘‘डॅडी, सांगू काय कोचला?’’

विचारलं ते अगदी मनापासून. बाप ‘सांग’ म्हणाला असता, तर पोराने तिथूनच फोन लावला असता.

मॅथ्यू म्हणाला, ‘‘दोन मॅच राहिल्यात. आता उतरू नको.’’

आयरिन दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

पहिली मॅच संघाने जिंकली. दुसरीला घर माणसांनी भरलं. खेळ संपत आला असताना कॉलिन चेंडूसाठी उंच उडाला, चेंडू धरला, आणि खाली आला तो उठलाच नाही. कोणी धक्का दिला नव्हता की पाय घातला नव्हता. स्ट्रेचर आलं, खेळ पुढे चालू झाला, आणि संघ एका पॉइंटने जिंकून प्लेऑफला गेला. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. एक शेजारी पेढे घेऊन आत आला, आयरिनचा चेहरा बघून तसाच उंबऱ्यात थबकला.

डॉक्टरांनी सांगितलं, आधी थोडं फाटलेलं लिगामेंट खेळून खेळून पार तुटलं, कूर्चाही गेली. तो चालेल-फिरेल. खेळायचं विसरा.

प्लेऑफची मॅच कॉलिनने खाटेवरून पाहिली, पाय उशीवर. मॅथ्यू दारातच उभा होता. ‘‘आत जा,’’ आयरिन म्हणाली, तेव्हा गेला आणि खाटेच्या कडेला टेकला.

संघ पहिल्यापासून पुढे होता, आणि पुढेच राहिला.

‘‘तुझ्या जागेवर कोन हाय?’’

‘‘तो, सात नंबर.’’

‘‘बरा खेळतो?’’

‘‘उडी माझ्यापेक्षा चांगली हाय त्याची,’’ कॉलिन म्हणाला. ‘‘बघ, डॅडी. जिंकतायत.’’

मॅथ्यू बघत राहिला. सात नंबरचा पोरगा पुन्हा उडाला. दोन्ही पायांवर नीट खाली आला आणि धावत सुटला.