सरांच्या दोन ओळी

नांदेडकडच्या गोरेगावात खताच्या दुकानाच्या माडीवर कुंडलिक सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. आता तिथं मोबाईल रिपेअरिंग आहे. पण आम्ही जुने विद्यार्थी जमलो की चहा यायच्या आत सरांचा एक किस्सा निघतोच, आणि एक निघाला की बाकीचे मागं रांग लावून उभे!

सर सी ही प्रोग्राम लिहायची लँग्वेज शिकवायचे, निळ्या पडद्याच्या जुन्या कंपायलरवर, म्हणजे आमचं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर. प्रोग्राम कुठलाही असो, सुरुवातीला स्क्रीन पुसायची ओळ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबायची ओळ हवीच. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहावं तशा आम्ही त्या लिहायचो.

"सर, न्हाई लिहिल्या तर?" मी एकदा विचारलं.

"पाटी न पुसता लिहितो का रे तू?"

विषय संपला!

* * *

बाजाराच्या दिवशी आमचे बाबा क्लास बघायला आले. आमच्याकडं मेंढरं, कॉम्प्युटर त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिला. मी बेरीज करून दाखवली. उत्तर आलं आणि पडदा तसाच राहिला.

"थांबून काहून राहिलं हे?"

"कळ दाबायची वाट पाहून राहिलंय," सर म्हणाले.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "माझी मेंढरं एवढी ऐकती तर!"

* * *

मग सरांनी एका मशीनवर जुनी सिस्टीम काढून लिनक्स ही नवी टाकली. तोच बेरजेचा प्रोग्राम, आणि नेमक्या त्याच दोन ओळींवर एरर! सरांनी मशीन बंद-चालू केलं, वायर हलवली, कीबोर्डसुद्धा बदलला.

"इतकी वर्षं बराबर चाललं. ह्या मशीनलाच काहीतरी तकलीफ हाय!"

आठवड्यानं उलगडा झाला. त्या दोन ओळी सीच्या नव्हत्याच, त्या जुन्या कंपायलरच्या घरच्या होत्या. दुसरीकडं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

* * *

आमच्या वर्गातली सारिका तांड्यावरून यायची. तिची प्रॅक्टिकल परीक्षा नांदेडला होती, आणि तिथं सगळी मशीनं लिनक्सची. पास झाली तरच पुढं शिकायचं, असं तिच्या घरी ठरलेलं. पण सवयीनं तिचे हात त्याच दोन ओळी टाकायचे.

सरांनी तिची वही मागितली. लाल पेन घेतलं आणि पानापानावरच्या त्या दोन ओळी खोडत गेले.

"सर, हे तुमीच शिकवलं व्हतं!"

"म्हणून मीच खोडून राहिलो."

सारिका पास झाली.

* * *

सारिका आता पुण्यात आहे. एकच प्रोग्राम सगळ्या तऱ्हेच्या मशीनवर चालावा, हेच तिचं काम. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. तिनं नव्या लॅपटॉपवर तो जुना निळा कंपायलर चालता करून आणला होता.

सरांनी चष्मा पुसला. एकेक अक्षर शोधत बेरीज लिहिली. त्या दोन ओळी मात्र न शोधता. उत्तर आलं. पडदा थांबला. सर नुसते बघत बसले. चहा निवून गेला.

"सर, कळ दाबा ना," सारिका म्हणाली.

"राहू दे जरा," सर म्हणाले. "वाट पाहून राहिलंय ना ते."