डर्कची बाग

डर्कने आयुष्यभर एकच काम निष्ठेने केलं: बागेत वाळू टाकली. तसा तो डेअरीत मुरायला ठेवलेल्या चीजच्या चकत्या उलटवायचा, पण तो पोटापाण्याचा भाग झाला. मन वाळूत.

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्या गावाखालची माती म्हणजे काळा, ओला स्पंज. घरं खोलवर ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, त्यामुळे ती हलत नाहीत. बागांना खांब नाहीत, म्हणून बागा मुकाट्याने खाली जातात. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आधी बोटभर पायरी दिसते, मग वीतभर. मग माणूस वाळू मागवतो. वाळूच्या वजनाने खालचा स्पंज आणखी दबतो, बाग आणखी खाली जाते, आणि माणूस आणखी वाळू मागवतो. हे आमच्या पणजोबांनाही कळलं होतं. त्यांनीही वाळूच मागवली.

डर्क रोज सकाळी बायकोकडे बघायच्या आधी उंबऱ्यावर पाणसळ, म्हणजे बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी, ठेवायचा. यानेके म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस की त्या बुडबुड्याशी?"

"बुडबुडा निदान सरळ उत्तर देतो," डर्क म्हणायचा.

पुढे यानेकेचा खुबा गेला. काठी आली. पायरी तिला डोंगरासारखी झाली. तरी धुतलेले कपडे बागेतल्या दोरीवर ती स्वतःच घालायची. डर्कच्या हातचा शर्ट दोरीवर फाशी दिल्यासारखा लटकतो, असं तिचं मत होतं, आणि ते खरंच होतं. मुलगी मारिट शहरातून दर रविवारी फोन करायची, "आई, माझ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर रिकामं आहे. लिफ्ट आहे."

"ज्या दिवशी मला माझ्या दोरीपर्यंत जाता येणार नाही," यानेके म्हणाली, "त्या दिवशी येईन. एक दिवस आधी नाही."

डर्कने ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात वाळूचा ट्रक बोलावला. आजवर टाकली नव्हती इतकी वाळू टाकली, वर नाचून नाचून दाबली. शेजारचा रूलोफ कुंपणावर कोपर टेकून बघत होता.

"टाक, टाक! पाताळातल्या लोकांनाही समुद्रकिनारा हवाच की!"

"तुझी बाग बघ आधी. बदकं तुझ्याकडे पोहायला येतात."

"माझी आपली आपण बुडते, डर्क. तुझी तू ढकलतोयस."

पुढच्या वसंतात पायरी पूर्वीपेक्षा उंच झाली होती. यानेके दारात उभी राहिली, काठीने खालची जमीन चाचपली, आणि कपड्यांची टोपली डर्कच्या हातात दिली. डर्कला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्याला थर्माकोलची कल्पना सुचली. जड वाळूने बाग खाली जाते ना? मग हलकं काहीतरी घाला! त्याने स्वतः टाकलेली वाळू स्वतःच उपसली, थर्माकोलच्या जाडजूड लाद्या अंथरल्या, वर थोडी माती, त्यावर हिरवळ. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. यानेके उंबरा ओलांडून सरळ दोरीपर्यंत गेली. सगळे चिमटे लावून झाल्यावर उगाच एक रुमाल काढून परत घातला. डर्कने त्या दिवशी रूलोफला बोलावून सफरचंदाचा केक खाऊ घातला आणि पदार्थविज्ञानावर इतकं व्याख्यान दिलं की रूलोफने दुसरा तुकडा घेतलाच नाही.

शरद ऋतूत पाऊस लागला. चर भरून वाहिले, जमिनीखालचं पाणी वर आलं. सकाळी डर्कने दार ढकललं, दार उघडेना. खिडकीतून बघितलं तर हिरवळ तरंगत वर आली होती आणि बाहेर उघडणाऱ्या दाराला टेकून उभी होती. गावाच्या इतिहासात घराच्या उंबऱ्यापेक्षा उंच गेलेली पहिली बाग!

"डर्क!" कुंपणापलीकडून रूलोफ ओरडला. "बाग आत यायचं म्हणतेय! कॉफी टाक!"

यानेके हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. डर्कलाही हसू आलं.

पाणी ओसरलं तशा लाद्या वाटेल तशा, वेड्यावाकड्या बसल्या. यानेके टोपली घेऊन दाराशी आली. एक पाय ठेवला. लादी होडीसारखी डुलली. दुसरा पाय तिने उचललाच नाही. मागे सरली, टोपली खाली ठेवली.

"मारिटला फोन लाव," ती म्हणाली.

"पुन्हा वाळू टाकतो ना. थोडीशी."

"डर्क. फोन लाव."

चौथ्या मजल्यावर कपडे घडीच्या स्टँडवर वाळतात. तिथवर जायला काठीसुद्धा लागत नाही. डर्क अजून रोज बाल्कनीच्या उंबऱ्यावर पाणसळ ठेवतो आणि वाकून बघत बसतो.

"बुडबुडा हलला का?" यानेके आतून विचारते.

"नाही."

"बरं. उद्या बघ."