दुधीची कुरकुर

शेजारच्या सुमनताईंनी दोन वर्षांपूर्वी रूथला दत्तक घेतले. सात वर्षांची ती मुलगी घरात पाहुण्यासारखी वावरे. पाणी हवे असले तरी आधी विचारी, ताटात पडेल ते मुकाट्याने संपवी. काल त्यांच्या दारात उभा होतो, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "आई, आजपण दुधीच? मी नाही जेवणार जा."

"नको जेवू. दुधी बसेल तुझी वाट बघत," सुमनताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, हळूच म्हणाल्या, "पहिल्यांदा कुरकुरली, भाऊ."

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. देवाने आपल्याला लेकरे म्हणून दत्तक घेतले आहे, हे मी संडे स्कूलच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. माझी स्वतःची प्रार्थना मात्र अजून विचारूनच पाणी घेते. पत्नी गेली तेव्हाही मी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढेच म्हणालो आणि त्यालाच श्रद्धा समजलो. खरे तर ती भीती होती. कुरकुर केली तर परत पाठवतील, ही.

आज सकाळी गुडघे टेकले. आभाराची नेहमीची वाक्ये ओठांवर आली, ती मी मागे सारली.

"बापा, तिला का नेलेस?"

उत्तर आले नाही. पण मला घराबाहेरही कोणी काढले नाही.