चमचाभर माती

सासूबाई माझ्या लेकीची दृष्ट काढायच्या तेव्हा मिरच्या फुकट गेल्या म्हणून चिडणारी मी बाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला हसू आवरायचं नाही. आता येत नाही हसू...

साल सत्तरच्या आसपासचं. धुळ्याच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. आमचे सर मातीतल्या बुरशीत जंतू मारणारं औषध सापडतं का, ते शोधत होते. गावोगावची माती आणायची, तिच्यातली बुरशी काचेच्या बशीत जंतूंबरोबर वाढवायची. बुरशीने जंतू मारले तर तिच्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. दोन वर्षं बश्या घासून झाल्या, धड एक कडं मिळालं नव्हतं.

"नांगर न लागलेली माती आणा," असं सर सांगायचे. म्हणून शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्याकाठच्या एका निंबाखाली मी भर दुपारी चमच्याने माती उकरली. शेळ्या चारणारी एक म्हातारी धावतच आली.

"आठली माटी नको लेऊ वो बाई! धाकलं पोर पुरेल शे आठे."

पुरलेल्या तान्ह्या पोराचं मी मनावर घेतलं नाही. "अक्का, चमचाभरच घेतलीय," मी म्हटलं आणि पुडी पिशवीत टाकली.

आठवड्याने त्या मातीतल्या बुरशीभोवती हे एवढं रुपयाएवढं स्वच्छ कडं! सर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. मी बशी हातात घेतली... आणि मला पान्हा फुटला. पदर भिजला. अंगावर पाजणाऱ्या बाईला होतं असं, पण ते बाळ रडलं की होतं. इथे कोण रडत होतं?

घरी आले, तर माझी पाच महिन्यांची उमा नुसती तोंड लावून किंचाळतेय. दूध नाहीच! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच — बशी उचलली की पदर ओला, घरी कोरडी ठणठणीत. मुद्दाम बाकीच्या बश्या उचलून पाहिल्या. काही नाही. वरचं दूध उमा ओकून टाकायची. डॉक्टर म्हणाले, काळजीने आटलंय, विश्रांती घ्या. चौथ्या दिवशी सकाळी तिची टाळू खोल गेलेली दिसली. रडायचीही थांबली होती.

बशी वाफेच्या भांड्यात टाकून बुरशी मारायची, तर पंधरा मिनिटांचं काम. पण हातच धजेना. सरांना न विचारता बशी आणि उरलेली पुडी घेतली आणि शिरपूरची एसटी पकडली.

म्हातारी तिथेच होती. मी सगळं परत मातीत लोटलं, तेव्हा हळूच म्हणाली, "त्यानी माय रोज ईसन दूध सोडे आठे. ती बी मरी गयी, महिना व्हयना. आते त्याले कोनीच नही." रोज येऊन तिथे दूध सोडणारी पोराची आई महिन्यापूर्वीच गेली होती.

त्या संध्याकाळी उमा पोटभर प्यायली.

सरांनी नळीत जपून ठेवलेली तीच बुरशी पुन्हा वाढवली. कडं कधीच उमटलं नाही. "होतं असं कधी कधी, गुण जातो बुरशीचा," ते म्हणाले. पण एकदा रागाने विचारलंच, "किती माणसं वाचली असती, बाई?" डॉक्टरांचं पटतं, सरांचंही पटतं. तरी दोन्ही मिळून त्या चार दिवसांचा उलगडा होत नाही.

एक गोष्ट मात्र घरातही कुणाला सांगितलेली नाही. त्या दुपारी म्हातारीकडे पाठ करून मी त्या जागेवर दूध सोडलं. धार लागली होती. उठले, तर म्हातारीने विचारलं, "सकाय येशी ना?" उद्या येशील ना...

मी हो म्हटलं, आणि एसटीकडे पळत सुटले. परत कधीच गेले नाही.

उमाच्या दोन्ही बाळंतपणांत ती बाळाला पदराखाली घ्यायची, तेव्हा मी दाराशी उभी राहून बघायचे — बाळ गिळतंय ना.