बारावं नाव

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी गाड्या डेपोतच उभ्या होत्या, म्हणून परभणीहून पेडगावपर्यंत मी पॅसेंजरने निघालो. खिशात अकरा नावांचा कागद होता. निजामाविरुद्ध लढलेल्या एका गावच्या लोकांच्या नावांचा शिलालेख त्या गावात बसवायचा होता आणि परभणीतला पाथरवट मजकुराची वाट पाहत होता. यादी माझ्या दिवंगत मामांनी केलेली. ते त्या अकरांपैकीच एक. शिवाय मी इतिहासाचा मास्तर. यंत्रयुग, साम्राज्यशाही, राष्ट्रवाद, क्रांती हे चार शब्द फळ्यावर लिहून तेवीस वर्षं पोरांकडून घोकून घेतोय, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.

पेडगावला उतरून त्या गावापर्यंत रुळाच्या कडेने दोन कोस पायी जायचं होतं. एका बाजूला वेचणीला आलेला कापूस. हाच कापूस जिनात (सरकी काढण्याच्या कारखान्यात) जाऊन, गाठी होऊन याच रुळांवरून बंदराकडे जायचा, विलायतेच्या गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं आणि ते आपल्याच बाजारात विकायला यायचं. वर्गात हे मी मोठ्या ऐटीत सांगतो. इथे काळ्या मातीत चपलेचा अंगठा तुटला आणि ऐट तिथेच राहिली. उरलेली वाट चपला हातात घेऊन अनवाणी चाललो.

अकरांपैकी हयात फक्त नरहरीअण्णा. त्यांच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि फोडलेला कांदा पुढे आला. जेवता जेवता अण्णांनी हकीकत सांगितली. मारुतीच्या देवळात घंटेला हात लावून अकरा जणांनी शपथ घेतली. मग रुळालगतची तार तोडायला गेले, तर रुळावरून निजामाच्या शिपायांची ट्रॉली आली.

"मग सुटलात कसे?"

"हलगी वाजली की! सखाराम रुळाच्या भरावावर राखणीला हुता. ट्रॉली दिसली तशी त्यानं हलगी धरली. आमी ज्वारीत पळालो. त्यो वाजवीतच ऱ्हायला, गोळी लागस्तोवर."

घास खाली ठेवला. कागद काढून पुन्हा वाचला. त्यात सखाराम नव्हता.

"अण्णा, मेला तो एकटा आणि यादीत तोच नाही?"

"यादी शपथेची हाय, मास्तर. त्यो देवळात कसा येईल?"

अण्णा लबाडी करत नव्हते. त्यांना हे खरंच इतकं सरळ वाटत होतं. मला मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ती यादी सुवाच्य अक्षरात मीच उतरवून काढली होती.

सखारामची बायको गयाबाई गावाबाहेरच्या वस्तीत दारात शेंगा फोडत बसली होती. मी आल्याचं कारण सांगितलं.

"चाळीस वर्सं कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "झेंड्याच्या दिवशी नावं वाचत्यात. मी दरसाल लांबून ऐकते. वाटतं, औंदा तरी येईल."

"या वेळी दगडावरच येईल."

"दगड कुठं बसवायलाव?"

"देवळापुढे."

ती रागावली नाही. "मंग गुरुजी, मी बघायला यावं कसं?"

तसाच अण्णांकडे परतलो आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अण्णा म्हणाले, "दगड भरावापाशी बसवा. त्याचं नाव समद्यांच्या वर घाला. माजा जीव हाय तवर कोन बोलतंय बघू." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

परतीच्या गाडीतून तो भराव दिसला. किती वेळा त्याच्यावरून गेलो असेन. क्रांती शिकवताना मी कायम दूरदेशी जात आलो, पेडगावला कधी उतरलो नाही. पण आज काम झालं होतं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही वाटत होता.

स्टेशनवरून तडक पाथरवटाकडे गेलो. त्याने खडू उचलला. "सांगा पहिलं नाव."

"सखाराम."

"पूर्ण सांगा, सर. बापाचं नाव? आडनाव?"

कागदावरच्या अकराही जणांची नावं बापाच्या नावासकट, आडनावासकट होती. मी दिवसभर सखाराम, सखाराम करत फिरलो, त्याच्या बायकोच्या दारात बसून आलो, आणि एवढं विचारलं नव्हतं.

"आज काहीच कोरू नका," मी म्हणालो आणि तुटकी चप्पल फरफटवत सकाळच्या पॅसेंजरची वेळ विचारायला पुन्हा स्टेशनकडे वळलो.